मेदबिंदूचे शेजारी : पेशीतला संपर्क पाहावा कसा, सिद्ध करावा कसा

कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर हिरवे मेदबिंदू, म्हणजे पेशीतले चरबीचे थेंब, आणि त्यांना खेटून लाल मायटोकॉन्ड्रिया दिसले की वहीत ‘संपर्क आहे’ असं लिहून टाकायचा मोह होतो. पण पेशीत इतकी दाटी असते की कुठलंही अंगक (ऑर्गनेल) कुणाच्या ना कुणाच्या शेजारी सापडणारच. म्हणून या विषयात पाऊल टाकताना तीन प्रश्न वेगवेगळे ठेवायला शिकावं लागतं. ती दोन अंगकं जवळ आहेत का? जवळ असतील, तर त्यांना कुणी धरून ठेवलंय का? आणि धरून ठेवलं असेल, तर त्या जागेतून काही जातं-येतं का? पहिल्याचं उत्तर सूक्ष्मदर्शक देतो. दुसऱ्याचं उत्तर प्रथिनं काढून आणि परत घालून मिळतं. तिसऱ्यासाठी मेदाम्लांचा माग काढावा लागतो. एका प्रश्नाच्या पुराव्यावर दुसऱ्याचं उत्तर देऊ नये, एवढं पथ्य पाळलं तरी निम्मं काम नीट होतं.

एमएस्सीचा प्रकल्प किंवा पीएचडीचं पहिलं वर्ष सुरू झालंय, पेशी वाढवता येतात, कॉन्फोकल वापरायला मिळतो, पण लॅबमध्ये ज्यांना लिपिड ड्रॉपलेट म्हणतात ते मेदबिंदू नवे आहेत, अशा वाचकांसाठी हे लिहितोय.

पायरी १ : आधी मेदबिंदू नीट समजून घ्या

मेदबिंदूच्या पोटात तटस्थ मेद असतो, म्हणजे मुख्यतः ट्रायग्लिसराइड आणि स्टेरॉल एस्टर. बाहेरून फॉस्फोलिपिडचा फक्त एक पदर असतो. इतर अंगकांचं पटल दोन पदरी असतं. या फरकावरून पुढचं बरंच काही ठरतं. दोन पदरी पटलाची पुटिका दुसऱ्या दोन पदरी पटलात सहज विलीन होते. मेदबिंदूशी तिला तसं एकरूप होता येत नाही. त्यामुळे पेशीतला माल पोहोचवण्याचा नेहमीचा, पुटिकांचा मार्ग मेदबिंदूच्या फारसा कामाचा नाही. त्याला मेद मिळतो आणि त्याच्याकडून मेद नेला जातो, त्यात थेट शेजाऱ्यांशी जुळलेल्या जागांचा वाटा मोठा असतो. पटलाच्या आरपार जाणारी प्रथिनंही त्याच्या पृष्ठभागावर बसू शकत नाहीत. तिथे केसाच्या आकड्यासारखी आत शिरून परत बाहेर येणारी किंवा पृष्ठभागावर आडवी टेकणारी प्रथिनं असतात. पेरिलिपिन हे त्यातलं सर्वांत ओळखीचं कुटुंब, माणसात त्याचे १ ते ५ असे पाच सदस्य आहेत.

आकार ध्यानात ठेवा. बहुतेक पेशींत मेदबिंदू १०० नॅनोमीटरपासून काही मायक्रोमीटरपर्यंत असतो. पांढऱ्या मेदपेशीत मात्र एकच बिंदू जवळजवळ सगळी पेशी व्यापतो आणि १०० मायक्रोमीटरपर्यंत वाढू शकतो. एका पेशीप्रकारात बसवलेली पद्धत दुसरीत जशीच्या तशी चालत नाही, त्याचं एक कारण हेच.

मेदबिंदू जन्मतो आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे ईआरमध्ये. तिथे डीजीएटी१ आणि डीजीएटी२ ही विकरं ट्रायग्लिसराइड बनवतात. ते ईआरच्या दोन पदरांच्या मधल्या जागेत साठतं, थोडं जास्त झालं की भिंगासारखं एकवटतं आणि मग पेशीद्रवाच्या बाजूला फुगून बाहेर येतं. हे कुठे घडायचं ते ठरवण्यात सीपिन नावाच्या प्रथिनाचा मोठा वाटा आहे. सीपिनचे रेणू एकत्र येऊन कडं तयार करतात: माणसात ११ रेणूंचं, फळमाशीत १२ चं, यीस्टमध्ये १० चं. माणसाच्या आणि माशीच्या कड्याची रचना २०१८ मध्ये क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसली. २०१९ मध्ये सीपिनचा जोडीदार एलडीएएफ१ हाती लागला. ही जोडी जिथे असते तिथेच बिंदू उगवतो.

सीपिन काढून टाकलं तर पेशीत असंख्य अगदी बारीक बिंदू दिसतात आणि मधूनच एखादा राक्षसी आकाराचा. माणसात सीपिनचा जनुक बिघडला तर बेरार्डिनेली-सीप आजार होतो. ब्राझीलच्या बेरार्डिनेली यांनी १९५४ मध्ये आणि नॉर्वेच्या सीप यांनी १९५९ मध्ये त्याचे रुग्ण नोंदवले, आणि जनुक सापडला २००१ मध्ये. या मुलांच्या अंगावर जन्मापासून चरबी जवळजवळ नसते, तरीही यकृत मेदाने भरतं आणि इन्सुलिन नीट काम करत नाही. साठवायची जागा बिघडली म्हणून मेद नाहीसा होत नाही, तो भलत्या ठिकाणी जाऊन बसतो. मेदबिंदू आणि ईआरच्या एका जोडणीतला दोष अख्ख्या शरीरावर उमटतो. हा विषय मला महत्त्वाचा वाटतो तो यासाठी.

इथे एक बारकावा आहे आणि त्यावर पुढे पुष्कळ गोंधळ होतो. जन्मल्यानंतरही कित्येक मेदबिंदू ईआरशी मानेने जोडलेले राहतात. ईआरच्या पटलाचा बाहेरचा पदर तसाच पुढे बिंदूच्या पृष्ठभागावर गेलेला असतो आणि त्या वाटेने डीजीएटी२सारखी विकरं बिंदूवर चालत जातात. ही सलगता झाली. संपर्क वेगळा. २०१९ मध्ये या क्षेत्रातल्या अनेक संशोधकांनी मिळून व्याख्या मांडली, ती साधारण अशी: दोन पटलं जवळ आहेत, त्यांना बांधून ठेवणारं काही आहे, ती एकमेकांत विलीन झालेली नाहीत, आणि त्या जागेला काही काम आहे. अंतर बहुतेक वेळा १० ते ३० नॅनोमीटर. ईआर आणि मेदबिंदू यांच्याबद्दल बोलताना तुम्ही सलगतेबद्दल बोलताय की संपर्काबद्दल, ते पहिल्याच वाक्यात सांगा.

पायरी २ : एकच शेजारी निवडा

सगळे शेजारी एकदम अभ्यासायचं मनात येतं. २०१७ मध्ये जेनिफर लिपिनकॉट-श्वार्ट्झ यांच्या गटाने एकाच जिवंत पेशीत सहा अंगकं एकत्र पाहिली. ईआर, गॉल्जी, मायटोकॉन्ड्रिया, लायसोसोम, पेरॉक्सिसोम आणि मेदबिंदू यांच्या भेटीगाठी त्यांनी मोजल्या. पण त्यामागे खास सूक्ष्मदर्शक होते आणि रंग वेगळे काढण्याचं अवघड गणित होतं. सुरुवात एका शेजाऱ्यापासून करा.

मायटोकॉन्ड्रिया हा सर्वांत लोकप्रिय शेजारी आणि सर्वांत फसवाही. मेदबिंदूला चिकटलेला मायटोकॉन्ड्रिया म्हणजे मेद जाळणारा, असं पुष्कळजण धरून चालतात. २०१५ मध्ये उपाशी ठेवलेल्या उंदराच्या पेशींवर एक महत्त्वाचं काम झालं. मेदबिंदूतली मेदाम्लं विकरांनी सुटी होऊन मायटोकॉन्ड्रियात जातात, आणि ती सर्वत्र नीट पोहोचण्यासाठी मायटोकॉन्ड्रिया एकमेकांना जोडलेले असावे लागतात, असं त्यात दिसलं. म्हणजे संपर्क जाळण्यासाठी. मग २०१८ मध्ये उंदराच्या तपकिरी मेदपेशींतून बिंदूला चिकटलेले मायटोकॉन्ड्रिया वेगळे काढून तपासले गेले, तर ते मेदाम्लं कमी जाळत होते आणि एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, जास्त बनवत होते. तो एटीपी नवं ट्रायग्लिसराइड घडवायला लागतो, म्हणजे तिथला संपर्क साठवण्यासाठी. दोन्ही कामं भक्कम आहेत. पेशी वेगळी, खाण्याची स्थिती वेगळी, म्हणून उत्तर वेगळं. तुमच्या पेशीत काय चाललंय ते तुम्हालाच शोधावं लागेल, दुसऱ्याच्या निष्कर्षावर ढकलता येणार नाही.

इथली बांधून ठेवणारी प्रथिनंही बऱ्यापैकी माहीत आहेत. पेरिलिपिन ५ मेदबिंदूवर बसतं आणि शेपटाकडच्या छोट्या भागाने मायटोकॉन्ड्रियाला ओढून घेतं, हे २०११ मध्ये कळलं. ते पलीकडे कुणाला धरतं, याचं उत्तर २०२३ मध्ये आलं: मेदाम्लं हाताळणारं एफएटीपी४. एमआयजीए२ हे मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या पटलावरचं प्रथिन तर ईआर आणि मेदबिंदू दोघांनाही धरतं, आणि मेदपेशी तयार होताना ट्रायग्लिसराइड बनायला मदत करतं.

पेरॉक्सिसोम हा शेजारी दुर्लक्षित राहतो, आणि मला वाटतं नवख्याला तिथे करण्यासारखं पुष्कळ आहे. स्पास्टिन प्रथिनाचं लांब रूप मेदबिंदूवर असतं आणि ते पेरॉक्सिसोमवरच्या एबीसीडी१ला धरतं, असं २०१९ मध्ये दाखवलं गेलं. स्पास्टिन बिघडलं की पाय ताठर करणारा आनुवंशिक आजार होतो. एबीसीडी१ बिघडलं की अॅड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफी होते, त्यात मेंदूतल्या मज्जातंतूंचं आवरण खराब होतं. दोन वेगळ्या आजारांची प्रथिनं एकाच संपर्काच्या दोन टोकांना सापडावीत, याने विचारात पडायला होतं.

लायसोसोमची गोष्ट थोडक्यात: यकृतपेशी स्वभक्षणाच्या (ऑटोफॅजीच्या) मार्गाने मेदबिंदूही लायसोसोमकडे पाठवतात, हे २००९ मध्ये स्पष्ट झालं आणि त्याला लिपोफॅजी हे नाव पडलं. मेदबिंदूचा मेदबिंदूशीही संपर्क होतो. मेदपेशीत सीआयडीईसी नावाचं प्रथिन लहान बिंदूतला मेद मोठ्या बिंदूत हळूहळू जाऊ देतं, म्हणून तिथे अखेर एकच मोठा बिंदू उरतो.

ईआरशी नंतरचा, म्हणजे जन्मानंतरचा संपर्क पाहायचा असेल तर मुंबईचं एक काम जरूर वाचा. रूप मल्लिक यांच्या टीआयएफआरमधल्या गटाने २०१७ मध्ये उंदराच्या यकृतपेशींवर ते प्रसिद्ध केलं आणि त्यात पुण्याच्या आयसरचे सिद्धेश कामतही होते. कायनेसिन-१ ही प्रेरक प्रथिनं मेदबिंदूंना सूक्ष्मनलिकांवरून पेशीच्या कडेच्या गुळगुळीत ईआरकडे ओढून नेतात, आणि तिथे मिळालेला मेद पुढे रक्तात सोडला जाणाऱ्या कणांत भरला जातो. उपास घडला की कायनेसिन बिंदूवरून कमी होतं, ओढ थांबते, आणि रक्तात जाणारं ट्रायग्लिसराइड आवरतं घेतलं जातं. २०१९ मध्ये याच गटाने पुढचा दुवा दाखवला: जेवणानंतर वाढलेलं इन्सुलिन मेदबिंदूवर फॉस्फॅटिडिक आम्ल तयार करवतं आणि ते कायनेसिनला बोलावतं. संपर्क होण्याआधी प्रवास करावा लागतो आणि त्या प्रवासावर शरीर नियंत्रण ठेवतं, हे इतक्या स्वच्छपणे सांगणारं काम क्वचितच सापडतं.

प्राणीपेशींची सोय नसलेल्यांनी हिरमुसू नये. भुईमूग, करडई, तीळ यांच्या बियांतलं तेलही मेदबिंदूंतच असतं, त्यावर ओलिओसिन प्रथिनाचं आवरण असतं. बी रुजताना त्या बिंदूंना पेरॉक्सिसोम येऊन भिडतात. अॅराबिडॉप्सिसमध्ये तेल फोडणारं विकर पेरॉक्सिसोमच्या नळीसारख्या फाट्यावरून तेलबिंदूवर जातं, असं २०१५ मध्ये दिसलं.

पायरी ३ : पेशी निवडा आणि त्यांना खाऊ घाला

पहिल्या प्रयोगाला सपाट पसरणाऱ्या पेशी घ्या, यू२ओएस किंवा कॉस-७. पातळ कडांवर अंगकं एकमेकांवर चढलेली दिसत नाहीत. यकृताचा प्रश्न असेल तर एचयूएच७. मेदपेशींसाठी ३टी३-एल१, पण त्या तयार व्हायला आठवड्याहून जास्त लागतो, आणि मोठे बिंदू तयार झाल्यावर त्या काचेवरून सुटायला लागतात, म्हणून पहिल्यांदा नको.

मेदबिंदू वाढवायला ओलिइक आम्ल वापरतात. ते मेदाम्लमुक्त बीएसएला, म्हणजे गाईच्या रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनाला, बांधून द्यायचं, एका बीएसए रेणूला पाच-सहा मेदाम्लं या प्रमाणात, माध्यमात १०० ते ४०० मायक्रोमोलर, आणि रात्रभर ठेवायचं. नुसत्या बीएसएचं भांडं शेजारी हवंच, ते नसेल तर तुलना कशाशी करणार? पामिटिक आम्ल सुरुवातीला टाळा. ते संतृप्त आहे, जास्त झालं की पेशी मरतात, आणि मरत्या पेशीतले संपर्क मोजण्यात अर्थ नाही.

माध्यमातल्या सीरमातही मेद असतो. सीरमची बाटली बदलली की बिंदूंची संख्या बदलते, म्हणून एका प्रयोगमालेसाठी एकच लॉट बाजूला ठेवा.

आणि मुद्दाम जास्त ओलिइक आम्ल देऊन पेशी बिंदूंनी गच्च भरू नका. जितके बिंदू जास्त, तितकी नुसत्या दाटीमुळे होणारी जवळीक जास्त. संपर्काचा अभ्यास करणाऱ्याला थोडे, सुटे, स्पष्ट बिंदू हवेत.

पायरी ४ : रंग द्या, पण बिंदू मोडू नका

सर्वाधिक प्रयोग इथेच वाया जातात, म्हणून सावकाश वाचा.

बोडिपी ४९३/५०३ हा रोजच्या वापराचा हिरवा रंग आहे. स्वस्त, तेजस्वी, पटकन शिरणारा. त्याचा एक दोष मात्र आहे. प्रखर निळ्या लेझरखाली त्याची चमक लाल वाहिनीतही उतरते, आणि मायटोकॉन्ड्रिया लाल ठेवले असतील तर खोटी जवळीक तयार होते. यावर उपाय म्हणजे रंग अगदी कमी द्यायचा, लेझर खाली ठेवायचा आणि शेजाऱ्याला दूरच्या लाल पट्ट्यातला रंग द्यायचा, उदाहरणार्थ मायटोट्रॅकर डीप रेड. नाइल रेड १९८५ पासून वापरात आहे आणि नुसते बिंदू मोजायला छान आहे, पण त्याची चमक फार रुंद पट्ट्यात पसरते आणि तो इतर पटलांतही दिसतो. दोन अंगकांच्या प्रयोगात तो घेऊ नका. हिरवी आणि लाल दोन्ही वाहिन्या प्रथिनांसाठी हव्या असतील तर मोनोडॅन्सिलपेंटेनसारखा निळा रंग मिळतो.

आता पेशी स्थिर करणं. मिथेनॉल आणि अॅसिटोन नकोत. ते लिपिड धुऊन नेतात, बिंदू एकमेकांत मिसळतात, आणि तुम्हाला जे दिसतं ते पेशीत कधीच नसतं. ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड, खोलीच्या तापमानाला, १५-२० मिनिटं पुरे. प्रतिपिंड आत शिरावेत म्हणून ट्रायटन एक्स-१०० घालायची सवय बऱ्याच लॅबमध्ये असते. मेदबिंदूंवर ते चालत नाही, पेरिलिपिनसारखी प्रथिनं बिंदूवरून सुटून जातात आणि मग ‘प्रथिन बिंदूवर नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. त्याऐवजी सॅपोनिन किंवा डिजिटोनिन वापरा. सॅपोनिनचा परिणाम धुतल्यावर मागे फिरतो, म्हणून ते प्रतिपिंडाच्या द्रावणातही आणि धुण्याच्या द्रावणातही ठेवावं लागतं.

काचपट्टी ठेवताना वरून दाबू नका. दाबाने बिंदू फुटतात आणि एकत्र येतात. रंगवलेल्या पेशी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पाहा. आठवडाभर फ्रिजमध्ये पडलेल्या पट्टीवर विश्वास ठेवू नये.

जमत असेल तर जिवंत पेशीच पाहा. स्थिर केलेल्या चित्रात जवळ असलेली जोडी पुढच्या सेकंदाला दूर गेली असती की नाही, हे कळायला मार्ग नाही. जिवंत पेशीत बिंदू आणि मायटोकॉन्ड्रिया काही मिनिटं एकत्रच सरकत राहिले, एक ओढला की दुसराही येतोय असं दिसलं, तर बांधलेलं असण्याची शक्यता बरीच वाढते.

पायरी ५ : चित्र घ्या

६० किंवा ६३ पट, १.४ अपर्चरचं तेलाचं भिंग. पिक्सेल ७०-८० नॅनोमीटर, उंचीच्या दिशेने दर २००-३०० नॅनोमीटरला एक काप. एकाच कापावर किंवा सगळे काप एकावर एक दाबून केलेल्या चित्रावर संपर्क मोजू नका, वर-खाली असलेली अंगकं त्यात शेजारी वाटतात. प्रत्येक वेळी एकेकच रंग दिलेल्या पट्ट्याही ठेवा, म्हणजे कोणता रंग कुठल्या वाहिनीत गळतो ते दिसतं. दोन्ही वाहिन्या जुळलेल्या आहेत का हे पाहायला अनेक रंगांत चमकणारे बारीक मणी मिळतात, महिन्यातून एकदा तरी ते पाहून घ्या.

पायरी ६ : मोजा, आणि योगायोग वजा करा

प्रकाश सूक्ष्मदर्शकाची आडव्या दिशेतली मर्यादा साधारण २०० ते २५० नॅनोमीटर, उभ्या दिशेत त्याहून वाईट. संपर्कातलं अंतर १० ते ३० नॅनोमीटर. मर्यादा अंतरापेक्षा जवळपास दहापट मोठी आहे. कॉन्फोकलवरून तुम्ही ‘जवळीक’ म्हणू शकता, ‘संपर्क’ नाही. प्रबंधातही तोच शब्द ठेवा.

पिअर्सन गुणांक हे या कामाचं साधन नव्हे. तो दोन रंग एकाच पिक्सेलमध्ये किती एकत्र आहेत ते सांगतो, आणि मेदबिंदू व मायटोकॉन्ड्रिया तर शेजारी असायला हवेत, एकमेकांत नव्हेत. त्याऐवजी फिजी या चित्रं मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही अंगकं वस्तू म्हणून वेगळी काढा, प्रत्येक बिंदूच्या कडेपासून जवळच्या मायटोकॉन्ड्रियापर्यंतचं अंतर काढा, आणि ठरवलेल्या मर्यादेच्या आत किती टक्के बिंदू येतात ते लिहा. बिंदूच्या परिघाचा किती भाग व्यापला गेलाय, हे त्याहून चांगलं माप आहे. मोठ्या बिंदूला कुणीतरी शेजारी असणारच, म्हणून आकारानुसार गट पाडा.

मग नियंत्रण. पेशीद्रवातला एक चौकोनी तुकडा निवडा, एक वाहिनी ९० अंशांत फिरवा आणि तेच माप पुन्हा काढा. फिरवल्यावरही तितकीच जवळीक दिसली, तर तुम्ही दाटी मोजत होता. अख्खी पेशी फिरवू नका, केंद्रक मध्ये येतं आणि हिशेब बिघडतो. हे नियंत्रण फुकट आहे, त्याला पाच मिनिटं लागतात, तरी कित्येक चित्रांसोबत ते नसतं. तुमच्यासोबत असू द्या.

मोजणारा कोणती पट्टी कशाची आहे हे जाणत नसावा. मित्राकडून फाइलींची नावं बदलून घ्या.

पायरी ७ : इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक

खरं अंतर इथेच दिसतं. ऑस्मियम टेट्रॉक्साइड लिपिड पकडून ठेवतं. ते विषारी आहे, डोळ्यांना आणि श्वासाला फार घातक, फ्यूम हूडबाहेर बाटली उघडायचीच नाही. चित्रात मेदबिंदू एकसारखा, आतून रचना नसलेला गोल दिसतो आणि कडेला दुपदरी पटल दिसत नाही. तीच त्याची ओळख. ईआर खेटून असेल तर सलगतेची मान दिसते का ते अनेक कापांत शोधा. एका कापात ती न दिसणं हा ती नसल्याचा पुरावा नव्हे.

वेळ आणि पैसे दोन्ही लागतात, म्हणून सगळ्या नमुन्यांवर हे करायची गरज नाही. कॉन्फोकलवर सर्वांत मोठा फरक दिसलेले दोन गट तेवढे पाठवा.

पायरी ८ : बांधणी सोडवा, मग पुन्हा बांधा

आता दुसरा प्रश्न. निवडलेलं प्रथिन पेशीतून काढा, जवळीक कमी होते का पाहा. मग तेच परत घाला, जवळीक परत येते का पाहा. आणि तिसरं, ज्याने खरी खात्री पटते: ज्या तुकड्याने ते शेजाऱ्याला धरतं तेवढाच कापलेलं प्रथिन घाला. बिंदूवर तर बसतंय, पण शेजारी येत नाही, असं दिसलं तर बांधणीचा दावा करता येतो. पेरिलिपिन ५साठी शेपूट कापून हेच केलं गेलं.

खूप जास्त प्रथिन बनवणाऱ्या पेशींपासून सावध राहा. बिंदूवर कुठलंही चिकट प्रथिन भरमसाट लादलं की शेजारी ओढले जातातच. शिवाय पेरिलिपिन ५ मेद फोडणाऱ्या विकरांनाही आवर घालतं, त्यामुळे ते काढल्यावर बिंदूच लहान झाले तर जवळीक बांधणी सुटल्याने कमी झाली की बिंदू आकसल्याने, हे वेगळं करावं लागेल. यासाठीच वर आकारानुसार गट पाडायला सांगितलं.

पेशी फोडून अपकेंद्रकात फिरवल्या की मेदबिंदू ताकावरच्या लोण्यासारखे वर येतात. त्या थरासोबत मायटोकॉन्ड्रियाची प्रथिनं वर आली, आणि बांधणारं प्रथिन काढल्यावर ती आली नाहीत, तर सूक्ष्मदर्शकाशी संबंध नसलेला दुसरा पुरावा हाती येतो. २०१८च्या कामात बिंदूला चिकटलेले मायटोकॉन्ड्रिया याच वाटेने मिळवले होते, आधी हळू फिरवून मेदाचा थर घेतला आणि मग जास्त वेगाने फिरवून त्यातले मायटोकॉन्ड्रिया सोडवले.

पायरी ९ : मेदाम्लाचा माग काढा

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड. उपाशी उंदीरपेशींवरच्या २०१५च्या कामातली रीत आजही सुरुवातीला चांगली आहे. लाल चमक असलेलं बोडिपी सी१२ हे मेदाम्ल पेशींना रात्रभर द्या. ते मेदबिंदूंत साठतं. मग धुऊन टाका, अर्ध्या पेशी पूर्ण माध्यमात आणि अर्ध्या उपाशी ठेवा, मायटोकॉन्ड्रिया वेगळ्या रंगात रंगवा आणि दर काही तासांनी लाल चमक कुठे आहे ते पाहा. उपाशी पेशींत ती हळूहळू बिंदूंतून मायटोकॉन्ड्रियात सरकते. मेद फोडणारं एटीजीएल हे विकर अडवलं की ती बिंदूंतच राहायला हवी. ही तुमची उलट तपासणी.

हा रंग काय सांगत नाही, तेही ध्यानात घ्या. मायटोकॉन्ड्रियात चमक दिसली म्हणजे मेदाम्ल पोहोचलं, जळलं असं नाही. जळण्याचा पुरावा हवा तर ऑक्सिजनचा वापर मोजावा किंवा किरणोत्सारी मेदाम्लापासून निघणारा कार्बन डायऑक्साइड. मेदाम्लांचं मायटोकॉन्ड्रियातलं प्रवेशद्वार अडवायला एटोमोक्सिर वापरतात, पण जुन्या कृतींतल्या भरमसाट मात्रेला ते श्वसनसाखळीलाही इजा करतं. काही मायक्रोमोलरच्या वर जाऊ नका.

उपाशी पेशीत आणखी एक गुंता आहे. स्वभक्षणातून पटलं मोडली जातात, त्यांतून सुटलेली मेदाम्लं डीजीएटी१ पुन्हा मेदबिंदूंत भरतं, आणि त्यामुळे मायटोकॉन्ड्रिया सुटलेल्या मेदाम्लांच्या माऱ्यापासून वाचतात. म्हणजे उपासातसुद्धा पेशीत नवे बिंदू बनू शकतात. बिंदूंची संख्या वाढली म्हणून संपर्क वाढला, आणि संपर्क वाढला म्हणून वाहतूक वाढली, अशी साखळी तीन वेगळ्या मोजमापांशिवाय जोडू नका. वाहतूक आणि संपर्क एकत्र जोडायचे असतील तर पायरी ८मधलं शेपूट कापलेलं प्रथिन असलेली पेशी घ्या आणि तिच्यात हाच माग काढा. बांधणी सुटल्यावर प्रवाह मंदावला आणि एटीजीएलचं काम तेवढंच राहिलं, तर तिन्ही प्रश्नांची उत्तरं एका पेशीत मिळाली.

पहिल्या सहा महिन्यांसाठी

यू२ओएस पेशी, ओलिइक आम्लाच्या दोन मात्रा, मायटोकॉन्ड्रिया हा एकच शेजारी, खाल्लेल्या आणि उपाशी अशा दोन स्थिती, आणि फिरवलेल्या चित्राचं नियंत्रण. यातून पहिलं विश्वासार्ह माप हाती येईल. तीन वेगळ्या दिवशी वाढवलेल्या पेशींत ते टिकलं, तरच जनुक काढायच्या कामाला हात घाला. पेशींचा पॅसेज क्रमांक, सीरमचा लॉट, ओलिइक आम्ल कधी बांधलं ती तारीख आणि लेझरची टक्केवारी प्रत्येक वेळी वहीत लिहा. दोन प्रयोग जुळले नाहीत की आधी या चार नोंदी तपासा, मग जीवशास्त्राकडे वळा.